भावाला जामीन

दारूच्या नशेत भर रस्त्यात गोंधळ घातला म्हणून घरच्या माणसाला पोलीस घेऊन गेले, तर जामीन राहून त्याला सोडवून आणावे, की एक रात्र कोठडीत काढू द्यावी? नीतिशास्त्राच्या ग्रंथांत हा प्रश्न या शब्दांत आढळणार नाही. पण शिरूर आणि दौंडकडील कुटुंबांना तो अपरिचित नाही. शिरूर, म्हणजे जुन्या लोकांची घोडनदी, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर वसले आहे. तालुक्यात रांजणगावची मोठी औद्योगिक वसाहत आहे. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. तिथे अहोरात्र माणसांची ये-जा. पगाराचा दिवस असतो, बाजाराचा असतो, कुणाच्या वरातीचा असतो. रात्री उशिरा ठाण्यातून निरोप येतो आणि घरात दोन सूर उमटतात. आई म्हणते, "आत्ताच्या आत्ता जा आणि त्याला घेऊन ये." थोरला भाऊ म्हणतो, "राहू दे एक रात्र. त्याशिवाय त्याचे डोळे उघडायचे नाहीत." दोघेही मायेपोटीच बोलत असतात. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे.

वस्तुस्थिती नीट जाणून न घेता केलेला नैतिक विचार पोकळ ठरतो. म्हणून प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. सार्वजनिक जागी नशेत बेशिस्त वागणाऱ्याला त्याचे ८५ वे कलम लागते. अशाच वर्तनाला १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोवीस तासांपर्यंत साधी कैद, किंवा दहा रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या ३५५ व्या कलमात कैद तेवढीच राहिली, दंडाची मर्यादा एक हजार रुपयांवर गेली आणि शिक्षेचा नवा प्रकार म्हणून समाजसेवेचा समावेश झाला. केवळ एवढाच गुन्हा असेल तर तो जामीनपात्र आहे. म्हणजे जामीन ही ठाण्यातल्या अधिकाऱ्याची मेहेरबानी नसून अटक झालेल्या माणसाचा हक्क आहे, आणि तो ठाण्यातच मिळू शकतो. मारामारी, किंवा वाहन चालवून कुणाला इजा करणे असे काही त्यात मिसळले असेल, तर कलमे बदलतात आणि वकिलाचा सल्ला घेणे आवश्यक होते.

आणखी काही गोष्टी प्रत्येक घराला ठाऊक असाव्यात. अटकेचे कारण त्या माणसाला सांगितलेच पाहिजे. त्याच्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवले पाहिजे, डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे बजावले आणि पुढे ते कायद्यातही आले. प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे. हा राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाचा आदेश आहे. वकील करण्याची ऐपत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली कोठडीतील माणसाला मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जामीन विकत घ्यायचा नसतो. जामीनदार लिहून देतो ते एवढेच, की हा माणूस तारखेला हजर राहील, न राहिल्यास ठरलेली रक्कम माझ्याकडून वसूल करावी. क्वचित रोख रक्कम ठेवण्याची मुभा मिळते, पण तिची पावती मिळते. पावतीवाचून मागितलेल्या पैशाला जामीन म्हणत नाहीत. त्याचे नाव वेगळे आहे.

आपल्या भाषेने या बाबतीत एक शहाणपण जपून ठेवले आहे. अरबीतून आलेल्या 'जामीन' या शब्दाचा मूळ अर्थ हमी देणारा माणूस. मराठीतही आपण 'जामीन देणे' म्हणतो, तसेच 'जामीन राहणे' म्हणतो. पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहणे काय असते हे आपल्याकडे शेतकऱ्यापासून शिक्षकापर्यंत सर्वांना माहीत आहे. पाइपलाइनच्या कर्जासाठी शेजाऱ्याच्या कागदावर सही करताना आपण त्या कर्जातून त्याला मुक्त करत नाही. उलट, तो ते फेडील असा शब्द देतो. पोलीस ठाण्यातला जामीनही याच जातीचा आहे. तो निर्दोषत्वाचा दाखला नव्हे आणि क्षमाही नव्हे. ती हजेरीची हमी आहे. माणूस कोठडीतून बाहेर येतो तो जाब टाळण्यासाठी नव्हे, तर आपल्या पायांनी चालत जाऊन जाब देण्यासाठी. हे एकदा उमगले, की आई आणि थोरला भाऊ यांच्यातल्या वादाची अर्धी गाठ सुटते.

पवित्र शास्त्र या विषयावर एकाच सुरात बोलत नाही, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. नीतिसूत्रांचा ग्रंथ दुसऱ्यासाठी हमी देणाऱ्याला सावध करतो. शिकाऱ्याच्या तावडीतून हरणाने निसटावे तसे त्यातून निसटून जा, असे त्याच्या ६ व्या अध्यायात सुचवले आहे. सिराखचा ग्रंथ मात्र २९ व्या अध्यायात शेजाऱ्याला जामीन राहणे हे सज्जनाचे लक्षण मानतो आणि लगेच पुढे, मदत कर पण स्वतः खड्ड्यात पडू नकोस, असेही बजावतो. प्रेषितांच्या कृत्यांत थेस्सलनीका येथील यासोन नगराधिकाऱ्यांना जामीन देतो आणि त्याच रात्री बंधुजन पौल व सिला यांना सुखरूप पुढे पाठवतात. परंतु या विषयावरची सर्वांत खोल कथा उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. दुष्काळात धान्यासाठी मिसर देशी जाताना धाकट्या बन्यामिनाला बरोबर नेणे भाग पडते. बाप तयार होत नाही. तेव्हा यहूदा म्हणतो की मी त्याला जामीन, तो परत आला नाही तर दोष माझा. पुढे बन्यामिनाच्या गोणीत चांदीचा प्याला सापडतो. त्या घटकेला यहूदाला पाठ फिरवता आली असती. तो फिरवत नाही. भावाऐवजी मला दास करून ठेवा, असे तो म्हणतो. हाच यहूदा पूर्वी योसेफाला विकून टाकण्याची युक्ती सुचवणारा होता. एका भावाची किंमत ठरवणारा माणूस दुसऱ्या भावासाठी स्वतःची किंमत द्यायला उभा राहतो. जामीन राहण्याने जामीनदारही बदलतो, हे या कथेतून कळते.

आता थोरल्या भावाचे म्हणणे पाहू. 'एक रात्र राहू दे' या वाक्यात राग असतो, तसा अनुभवही असतो. तरीही ते मान्य करता येत नाही. शिक्षा देणे हे न्यायालयाचे काम आहे. जामिनाचा हक्क असलेल्या माणसाला धडा शिकवण्यासाठी आत ठेवणे म्हणजे निकालाआधीच शिक्षा देणे, आणि तीही ज्याला तो अधिकार नाही अशा माणसाने. दुसरे कारण शरीराचे आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, की काही तासांतच थरकाप आणि घाम सुरू होतो. काहींना आकडी येते. दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन उपचाराअभावी प्राणही जाऊ शकतो. डोक्याला लागलेला मार किंवा मधुमेह्याच्या रक्तातील एकदम उतरलेली साखर, ही दोन्ही वरवर पाहता नशेसारखीच दिसतात. म्हणून रात्री जामीन होवो न होवो, घरच्या कुणीतरी ठाण्यात जाऊन त्याला डोळ्यांनी पाहिले पाहिजे, त्याचे आजार व औषधे सांगितली पाहिजेत आणि वैद्यकीय तपासणी मागितली पाहिजे. तिसरे कारण मनाचे. अपमानाने माणूस गप्प होतो, पण सुधारतोच असे नाही. संत थॉमस अक्वायनस यांनीही मद्यपानाच्या दोषाचा विचार करताना सरसकट निवाडा दिला नाही. जाणूनबुजून विवेक गमावणारा आणि पेयाची ताकद न ओळखल्याने नशेत गेलेला यांत त्यांनी भेद केला. मग घरच्या माणसांनी तरी निवाड्याची घाई का करावी?

म्हणजे आईचे म्हणणे पूर्णपणे बरोबर, असे मात्र नाही. तिच्या 'घेऊन ये' या शब्दांमागे पुष्कळदा 'कुणाला कळू देऊ नकोस' हेही दडलेले असते. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही आपल्या घरांची जुनी सवय. मग जामिनापाठोपाठ दुसरी कामे सुरू होतात. ओळखीच्या पुढाऱ्याला फोन, कागद बदलण्याची खटपट, कारखान्यात खोटी आजारपणाची रजा, ज्याच्या दुकानासमोर तमाशा झाला त्याच्या हातावर गुपचूप टेकवलेल्या नोटा. ही माया कुठवर जाऊ शकते याची चर्चा पुणे जिल्ह्याने अलीकडेच ऐकली. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. दारू पिऊन मोटार चालवल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला, आणि त्यातील ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवर देशभर संताप उसळला. परंतु त्याहून गंभीर आरोप पुढे आला तो रक्ताचा नमुना बदलल्याचा. त्या प्रकरणात आईवडिलांना आणि ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. आरोपांचा निवाडा न्यायालय करील. आपण एवढेच पाहावे की जामीन आणि पुरावा पुसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत आपण आपल्या माणसाला जाबापर्यंत नेतो. दुसरीत आपण त्याच्याकडून जाबच हिरावून घेतो आणि ज्यांचे नुकसान झाले त्यांच्याकडून न्याय.

तेव्हा सीमारेषा इथे आखावी असे मला वाटते. माणसाला उचलावे, पण त्याचे ओझे उचलू नये. त्याला घरी आणावे, जेवू घालावे, झोपू द्यावे. शुद्धीवर आल्यावर मात्र न्यायालयाची तारीख त्याची, दंड त्याच्या कमाईतला, दुकानदाराची माफी त्याच्याच तोंडून. समाजसेवेची शिक्षा झाली तर गावाच्या डोळ्यांदेखत ती त्यानेच करावी. तीत लाज आहे तशी परतफेडही आहे. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी असलेल्या अल-अ‍ॅनॉन या संघटनेची शिकवणही याच्या जवळची आहे: त्याच्यावर संकट आपण आणू नये, आणि त्याच्या वागण्यातून आलेले संकट आपण अडवूही नये. व्यसन जडलेले असेल तर उपचारांची वाट दाखवावी. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आपल्याच पुण्यात आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्या बायकोने त्याचा मार खाल्ला, तिनेच त्याला जामीन राहावे काय? नाही. जामीन हा त्याचा हक्क आहे. जामीन राहणे हे तिचे बंधन नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तिच्या संरक्षणासाठी आहे. अशा वेळी भाऊ, मित्र किंवा धर्मग्रामातील एखाद्या जाणत्या माणसाने पुढे यावे, त्याची राहण्याची सोय दुसरीकडे करावी आणि तिच्या दाराला रात्री आतून कडी लावण्याचा तिचा अधिकार मान्य करावा. 'नवऱ्याला सोडवत नाही, कसली ही बायको' असे बोलणारे तोंड आपल्यापैकी कुणाचेही असू नये. दहाव्यांदा बोलावल्या गेलेल्या जामीनदाराचीही मर्यादा कायदा ओळखतो. आपल्याला हमीतून मोकळे करावे, असा अर्ज तो दंडाधिकाऱ्याकडे करू शकतो. सिराखने घातलेली मर्यादा कायद्यालाही मान्य आहे.

अखेरीस, ज्यांच्यासाठी कुठल्याच घरात फोन वाजत नाही त्यांचे काय? ऊसतोडीला आलेला मजूर, परप्रांतातून कारखान्यात आलेला तरुण, दौंडच्या फलाटावर झोपणारा वृद्ध. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला आणि भावाची हमी नाकारली, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती अट अन्यायाची ठरवून एक हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर त्याला सोडण्याचा आदेश दिला. शिरूरला घोड नदी किंवा दौंडला भीमा ओलांडली की जिल्हा बदलतो. भावाची हमी पुलाच्या त्या टोकाला कमी भरवशाची कशी होईल? २००५ च्या दुरुस्तीने कायद्यात असेही आले, की जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात ज्याला जामीन देता आला नाही त्याला निर्धन मानून जातमुचलक्यावर सोडावे. ३१ जानेवारी २०२३ रोजी स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले. इतक्या वर्षांनी पुन्हा सांगावे लागले, याचा अर्थ कागदावरचा हक्क कुणीतरी शेजारी उभे राहिल्याशिवाय गरिबाच्या हाती पडत नाही.

प्रत्येक धर्मग्रामात कर्जाच्या कागदावर सही करणारी माणसे पुष्कळ आहेत. ठाण्यात जाऊन एका अनोळखी मजुरासाठी सही करणारी दोन-चार माणसे असतील, तर ते धर्मग्राम श्रीमंत म्हणावे. काम मोठे नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन जायचे, कागद वाचून सही करायची, तारीख लिहून घ्यायची. आणि त्या तारखेला सकाळी त्याच्या दारी जाऊन म्हणायचे, "चल, तयार हो, आज कोर्टात जायचे आहे. मी येतो बरोबर. बोलायचे मात्र तू."