घाटात फेकलेले नाणे

बेंगळुरूच्या आश्रमातले शिबिर संपवून तुम्ही कधी मोटारीने मुंबईला परतला आहात का? हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, सातारा, पुणे असा लांबचा प्रवास होतो. शेवटी खंडाळा येते आणि बोरघाट उतरायचा असतो. बहुतेक जण द्रुतगती मार्गाने खाली जातात. जुन्या रस्त्याने गेलात, तर घाटात शिंग्रोबाचे छोटे देऊळ लागते. तेथे आल्यावर पुष्कळ चालक गाडी न थांबवता खिडकीतून नाणे टाकतात, कपाळाला हात लावतात आणि पुढे निघून जातात.

एकदा शिबिराहून परतताना आम्हीही तेच केले. त्या दिवशी घाटात एका बाजूचे डांबर उखडलेले होते. खडी आणि मातीवरून गाडी हळूहळू न्यावी लागत होती. पाऊस नुकताच सरला होता. समोर हिरवी दरी, खाली उतरलेले ढग, पलीकडच्या डोंगरात शिरणारी रेल्वे. मन अगदी प्रसन्न होते. देवळापाशी मी नाणे फेकले. ते कठड्यावर आपटून रस्त्यात पडले. तेथे खडी पसरणारी एक बाई दचकून बाजूला झाली आणि तिने वर पाहिले. तोवर आमची गाडी पुढे गेली होती.

शिबिरात मी रोज कृतज्ञतेविषयी ऐकले होते. तरी त्या क्षणी एक प्रश्न मनात रुतला, तो आजही आहे. मी त्या दिवशी नेमके कोणाला काय दिले?

वाट दाखवणारा

शिंग्रोबाची कथा अनेकांनी ऐकली असेल. लोक सांगतात, की इंग्रज अभियंत्यांना या सह्याद्रीतून रेल्वे कोठून न्यावी हे उमगत नव्हते. शिंग्रोबा नावाच्या धनगराला येथली प्रत्येक पायवाट ठाऊक होती. त्याने मार्ग दाखवला. बक्षीस काय हवे, असे विचारल्यावर त्याने आपल्या देशाचे स्वातंत्र्य मागितले, आणि त्याला गोळी घातली गेली. या कथेचा कागदोपत्री पुरावा शोधण्यापेक्षा ती लोकांनी का जपली, हे पाहावे. आपण ज्या वाटेने सुखाने जातो, ती कोणीतरी प्राण देऊन खुली केली आहे, एवढे लोकांना विसरायचे नव्हते.

इतिहासही काही वेगळे सांगत नाही. बोरघाटातल्या रेल्वेचे काम 1856 मध्ये सुरू झाले आणि 1863 मध्ये मार्ग खुला झाला. सुमारे 25 किलोमीटरच्या अंतरात गाडीला 550 मीटरहून अधिक उंची गाठायची होती. त्यासाठी 25 बोगदे खोदावे लागले. ऐन कामाच्या हंगामात 40 हजारांहून अधिक मजूर येथे राबत होते. सुरुंग, दरडी, ताप आणि पटकी यांनी हजारो माणसे गेली. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर काही आठवड्यांतच, 1859 मध्ये वारले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट पुढे नेले आणि काम पुरे करून घेतले. त्यांची नावे ग्रंथांत आहेत. टोपल्या वाहणाऱ्यांची नावे कोठेच नाहीत.

चढ इतका कठीण होता, की एका जागी वळण घ्यायलाही वाव नव्हता. म्हणून तेथे गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला जोडावे लागे आणि ती उलट दिशेने पुढचा चढ चढे. या जागेला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. 1929 मध्ये नवा मार्ग तयार झाला आणि तो भाग सोडून देण्यात आला. ज्यासाठी माणसे मेली, त्या मार्गाचा तो तुकडा सत्तर वर्षांच्या आतच निरुपयोगी ठरला.

मजुरी दिली, मग ऋण कसले?

येथे तुमच्या मनात एक शंका येईल. त्या मजुरांना मजुरी मिळाली होती. व्यवहार तेथेच संपला. शिवाय रेल्वे बांधली ती इंग्रजांनी, त्यांच्या व्यापारासाठी. त्यात आपला काय दोष?

दोष काहीच नाही. दोष आणि ऋण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोष आपण केलेल्या कृत्याचा असतो. ऋण आपल्याला मिळालेल्या गोष्टीचे असते. जन्मलेल्या बाळाने कोणता गुन्हा केलेला असतो? तरीही शतपथ ब्राह्मण सांगते, की माणूस जन्मतःच देव, ऋषी, पितर आणि मनुष्य यांचा ऋणी असतो. यातल्या चौथ्या ऋणाकडे आपले लक्ष कमी जाते. देवाला आपण फूल वाहतो, पितरांचे श्राद्ध करतो. अनोळखी माणसाचे ऋण मात्र पैसे दिले की फिटले, असे आपण धरून चालतो.

मजुरीने श्रमाचे मोल होते. ज्याचा बाप बोगद्यात गाडला गेला, त्या मुलाच्या पोरकेपणाचे मोल कोणत्या हजेरीपटावर मांडले होते? हिशेब मिटला, तरी ऋण उरते. आपल्या परंपरेला हे ठाऊक होते. म्हणूनच तर्पण करताना ज्यांचे नाव-गोत्र माहीत नाही, ज्यांना पाणी द्यायला मागे कोणी उरले नाही, त्यांच्यासाठीही ओंजळभर पाणी सोडतात.

मागून ढकलणारे इंजिन

कर्जत स्टेशनवर पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या थांबतात. प्रवासी खाली उतरून वडापाव घेतात. त्याच वेळी गाडीच्या मागे जादा इंजिने जोडली जातात. घाट चढताना ती मागून जोर लावतात. लोणावळ्याला ती सुटतात आणि पुन्हा खाली येतात, पुढच्या गाडीसाठी. आत बसलेल्या कितीजणांना त्यांची जाणीव असते?

आपल्या आयुष्याचा चढही असाच आहे. आपल्याला पुढचे इंजिन दिसते: आपले कष्ट, आपली हुशारी, फार तर आपली साधना. मागून जोर लावणारे दिसत नाहीत. तुम्ही पहाटे शांत बसून प्राणायाम करता, त्या वेळी तुमच्या गल्लीतला कचरा कोणीतरी उचलत असते. तुमच्या ध्यानातल्या शांततेत त्याच्या झाडूचाही वाटा आहे.

मग शिंग्रोबाला नाणे टाकणे चुकीचे का? मुळीच नाही. त्या नाण्यामुळेच दीडशे वर्षांहून जुन्या कामाची आठवण आजवर टिकली. पण नाण्याचा एक धोका आहे. ते फेकले, की मन मोकळे होते. देणे चुकते केले, असे वाटते, आणि समोर खडी पसरणारी बाई दिसेनाशी होते. गेलेल्या मजुराला हात जोडायचे आणि जिवंत मजुराच्या अंगावर धूळ उडवत जायचे, याला कृतज्ञता म्हणता येईल का?

पुढच्या खेपेला मी मुद्दाम जुन्या रस्त्यानेच आलो. गाडी सुरक्षित जागी उभी करायची, त्या बाईला भेटायचे, निदान क्षमा मागायची, असे ठरवले होते. पण काम संपले होते. रस्ता गुळगुळीत झाला होता. तेथे कोणीच नव्हते. तिचे नाव मला कधीच कळणार नाही. 1860 च्या मजुरांसारखीच तीही माझ्यासाठी निनावी झाली, आणि याला मी कारण आहे. थांबायला तेव्हा मला दोन मिनिटे लागली असती.

म्हणून तुम्हाला एक विनंती आहे. गेलेल्यांचे ऋण त्यांना परत देता येत नाही. ते आज राबणाऱ्यांकडेच वळवावे लागते. या आठवड्यात अशी एक व्यक्ती शोधा, जिच्या कामावर तुमचा दिवस उभा आहे आणि जिचे नाव तुम्हाला माहीत नाही. इमारतीचा पहारेकरी असेल, गटार साफ करणारा असेल, आश्रमात भांडी घासणारी सेवेकरी असेल. थांबा. नाव विचारा. ते लक्षात ठेवा. पाणी हवे का, सावली आहे का, मजुरी वेळेवर मिळते का, हेही विचारा, आणि उत्तर ऐकून जे करता येईल ते करा.

आणि बोरघाटातून जाल, तेव्हा शिंग्रोबाला नमस्कार जरूर करा. फक्त त्याआधी गाडीचा वेग थोडा कमी करा. रस्त्यावर कोणी काम करत असेल.