कानाला सवय होताना

काष्टीच्या जनावरांच्या बाजारात ज्यांची हयात गेली, अशा आजोबांना उतारवयात श्रवणयंत्र मिळतं. 2017 पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून गरजू ज्येष्ठांना ते मोफत दिलं जातं. पण बऱ्याचदा चार दिवसांतच ते कपाटात जाऊन पडतं. "कान दुखतो, डोकं उठतं," आजोबा म्हणतात, आणि घरचे त्यांनाच हट्टी ठरवतात. मला याचं फार वाईट वाटतं.

कारण त्यांची तक्रार खरी असते. कानात यंत्राचा साचा बसला की स्वतःचाच आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. भांड्यांची आदळआपट, मोटारसायकल, पंख्याची घरघर, वर्षानुवर्षं न ऐकलेलं सगळं एकदम अंगावर येतं. त्यातून हवं ते निवडायला मेंदूला काही आठवडे लागतात. म्हणून सुरुवात घरात करावी, शांत वेळी, एकाच माणसाशी बोलताना, तास-दोन तास. मग वेळ वाढवत न्यावा. बाजार सगळ्यात शेवटी. रात्री यंत्र काढून ठेवावं, साचा कोरड्या फडक्यानं पुसावा.

अवघडल्यासारखं वाटणं वेगळं, दुखणं वेगळं. कान हुळहुळला, लाल झाला, वाहू लागला तर सोसत बसू नका. यंत्र काढा, डॉक्टरांना कान दाखवा. टोचणारा साचा घासून नीट करता येतो, नवाही करता येतो. आवाज श्रवणतज्ज्ञ कमी-जास्त करून देतात. त्यासाठी पुन्हा जावं लागलं तर कंटाळू नका.

आणि घरच्यांनो, ओरडू नका. समोर बसून, तोंड दिसेल असं, सावकाश बोला. तेवढा वेळ टीव्ही बंद ठेवा.