खाल्ल्या मिठाचा हिशेब

१९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम सांगते की, ज्याने स्वखुशीने परदेशाचे नागरिकत्व घेतले तो भारताचा नागरिक राहत नाही. वेगळा राजीनामा लागत नाही. तिकडे शपथ पूर्ण झाली की इकडचे नाते त्या क्षणी कायद्याने संपते; पासपोर्ट परत करणे हे मागाहूनचे कागदी काम. २०२२ या एका वर्षात २,२५,६२० भारतीयांनी असे नागरिकत्व सोडल्याचे सरकारने संसदेत सांगितले होते. या आकड्यावर कोणी हळहळते, कोणी पोरांनी नाव काढले म्हणते. हे लोक नेमके काय सोडतात आणि काय घेतात, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

आमच्या नंदनवनात एक निवृत्त शिक्षक राहतात. मुलगा इथेच अभियांत्रिकी शिकला, कॅनडात गेला, तिथे कायम वास्तव्याचे कार्ड मिळाले. पाच वर्षांत १,०९५ दिवस राहण्याची अट केव्हाच पुरी झाली. नागरिकत्वाचा अर्ज भरू का, असे त्याने विचारले तेव्हा मास्तर म्हणाले, ‘बेटा, माणसानं खाल्ल्या मिठाला जागावं.’ मुलगा म्हणाला, ‘अब्बा, बारा वर्षं मीठ इथलंच खातोय.’

मास्तरांनी हे मला तक्रार म्हणून सांगितले. मला मात्र उत्तर उद्धट वाटले नाही. मिठाची म्हण धनी आणि चाकर यांच्या काळातली आहे. ज्याच्या पदरी राहिलो त्याच्याशी इमान राखायचे, तो चुकला तरी. नागरिक कोणाचा चाकर नसतो. स्वयंपाकघर त्याचेही असते, आणि भाजी खारट झाली तर जाब त्यालाही द्यावा लागतो.

नागरिक न होता वर्षानुवर्षे राहणाऱ्या माणसाकडे बघा. तो कर भरतो, मुलांना तिथल्या शाळेत घालतो, त्या देशाच्या रस्त्यांवरून गाडी चालवतो. पण त्या देशाने काही वाईट केले तर ‘मी कुठे इथला?’ म्हणायची त्याला सोय आहे. भारतात वाईट घडले तर ‘मी कुठे तिथे राहतो?’ हेही तयार असते. आपल्या नागपुरात किरायाने राहणारा माणूस गच्ची गळू लागली की घरमालकाला सांगून मोकळा होतो, तसे हे. मला खटकते ती ही दुहेरी सुटका. सगळ्यांना हे लागू नाही, हेही खरे. ब्रिटनमध्ये राहणारा भारतीय राष्ट्रकुलातला म्हणून भारतीय पासपोर्टावरच तिथल्या संसदेसाठी मत देऊ शकतो. कॅनडात मात्र त्यासाठी नागरिकच व्हावे लागते.

मग शपथेचे काय? ‘कागदापुरती घ्यायची’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्याशी माझे जमत नाही. कसम नियतीवाचून पोकळ असते, हे आपल्याकडे लहान पोरालाही सांगतात. अमेरिकेत जुन्या निष्ठा सोडल्याचे तोंडाने म्हणावे लागते. कॅनडा तसे म्हणायला लावत नाही, जुने नागरिकत्व सोडा असेही सांगत नाही. ते भारताचा कायदा सांगतो. कॅनडाची शपथ राजे तिसरे चार्ल्स आणि त्यांच्या वारसांशी इमान राखण्याची आहे. मास्तरांना हेच सर्वांत बोचले. ज्यांचे राज्य आपण घालवले त्यांच्याच घराण्याला मुलाने इमान द्यायचे! भारताचे नागरिकत्व घेणारा परदेशी माणूस मात्र राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घेतो, माणसाशी नव्हे. मला ती अधिक शहाणी वाटते.

आमच्या आजोबांच्या पिढीने तर कसलीच शपथ घेतली नाही. १९४७ साली ते गेले नाहीत, एवढेच. इथे जन्मलेले आणि इथेच वास्तव्य असलेले म्हणून पाचव्या अनुच्छेदाने ते नागरिक झाले. बाकीची बहुतेक घटना २६ जानेवारी १९५० ला अमलात आली. नागरिकत्वाचे अनुच्छेद मात्र २६ नोव्हेंबर १९४९ लाच लागू झाले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत सांगितले होते की, एक कलम वगळता मसुदा समितीला इतकी डोकेदुखी दुसऱ्या कोणत्याही कलमाने दिली नाही. न जाणे हीही एक निवडच होती, पण तिची पावती कोणी देत नाही. म्हणून पुरावा पुन्हा पुन्हा मागितला जातो. निष्ठा माणसाच्या मनात शोधायला लागले की संशयाला अंत नसतो, हे आम्हाला चांगले ठाऊक आहे. मास्तरांनाही ठाऊक आहे. तरी मुलाच्या बाबतीत तेच मन तपासू लागले.

याच शहरात जरीपटक्यात पाकिस्तानातून आलेली सिंधी कुटुंबे दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षानुवर्षे राहिली. २०१६ साली केंद्राने नागपूरसह काही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना अशा लोकांचे अर्ज निकाली काढण्याचा अधिकार दिला. २०१९ च्या दुरुस्तीने तीन शेजारी देशांतून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांची वाट सोपी केली आणि मुसलमानांना वगळले. हा अन्याय आहे असे माझे मत आहे. पण नागरिकत्वाचा कागद हाती आलेल्या सिंधी माणसाचा मला कधी राग आला नाही. जिथे मुले वाढली तिथल्या कारभारात आपलाही शब्द असावा, हे मागणे रास्तच आहे. मग मास्तरांच्या मुलाला कॅनडात तेच हवे असेल तर त्याला बेइमान कसे म्हणायचे?

इथले काय जाईल? शपथेनंतर तो ओसीआय कार्ड घेईल. नावात ‘सिटिझन’ आहे, पण त्यावर मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मताचे म्हणाल तर २०११ पासून परदेशी राहणाऱ्या भारतीयाला इथल्या मतदार यादीत नाव नोंदवता येते, फक्त मत द्यायला स्वतः केंद्रावर यावे लागते. मुलगा एकाही निवडणुकीला आलेला नाही. त्याचे जुने नाव मात्र नंदनवनच्या यादीत अजून आहे. शपथ झाली की ते काढावे लागेल. त्यासाठीचा सात नंबरचा अर्ज कोणी भरायचा, यावर बापलेकांचे अजून जमलेले नाही.