अनुपलब्धी आणि नव्वद सेकंदांची प्रतीक्षा

एखादी वस्तू एखाद्या ठिकाणी नाही हे ज्ञान कशाने होते, हा प्रश्न भारतीय दर्शनांत शतकानुशतके वादाचा विषय राहिला आहे, आणि संगणक सुरू होताना आपल्याला जोडलेल्या उपकरणांचा शोध घेऊ लागतो तेव्हा त्यालाही याच प्रश्नाला सामोरे जावे लागते. जे उपकरण जागेवर आहे ते हाकेला ओ देते आणि शोध तेथेच संपतो. जे नाही ते स्वतःच्या नसण्याची वर्दी देऊ शकत नाही. हार्डवेअरच्या शोधात अडकून संगणक सुरू व्हायला मिनिट-दीड मिनिट लागते, तेव्हा तो वेळ बहुधा कोणाच्या तरी मौनाचा अर्थ लावण्यात गेलेला असतो.

न्यायपरंपरेत जी वस्तू नाही तिला अभावाचा ‘प्रतियोगी’ म्हणतात आणि जेथे ती नाही त्या जागेला ‘अधिकरण’. ‘भूतलावर घट नाही’ या नेहमीच्या उदाहरणात घट हा प्रतियोगी व भूतल हे अधिकरण होय. नैयायिकांच्या मते हा अभाव भूतलाचे विशेषण म्हणून प्रत्यक्षानेच कळतो. सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्टांना हे मान्य नाही, कारण इंद्रियाचा संबंध अस्तित्वात असलेल्या वस्तूशीच होऊ शकतो. म्हणून त्यांनी ‘अनुपलब्धी’, म्हणजे न आढळणे, हे सहावे स्वतंत्र प्रमाण मानले. प्राभाकर मीमांसकांनी तर अभाव नावाचा वेगळा पदार्थच नाकारला आणि रिकाम्या भूतलाचे ज्ञान एवढेच काय ते खरे, असे म्हटले. पण अभावाचे ज्ञान मानणाऱ्यांना एक अट टाळता आलेली नाही: नुसते न दिसणे पुरेसे नाही, वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थितीही असावी लागते. या अटीला ‘योग्यता’ म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, एवढ्यावरून तो नाही असे ठरत नाही. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी पिशाचाचे उदाहरण घेऊन हेच अधिक काटेकोरपणे मांडले आहे: जे स्वभावतःच दिसण्याजोगे नाही ते दिसले नाही, तर त्यातून केवळ संशय निष्पन्न होतो, निश्चय नव्हे.

संगणकाच्या बाबतीत योग्यतेचे स्वरूप काय, हे पाहू लागले की ती प्रकाशासारखी केवळ एक परिस्थिती न राहता काळाशी बांधलेले वचन होते. १९९२ मध्ये आलेल्या पीसीआय या जोडणीत (मदरबोर्डवरील निरनिराळी कार्डे ज्या सामायिक मार्गाने प्रोसेसरशी बोलतात तो मार्ग) प्रत्येक कार्डाने आपला पत्ता पुकारला जाताच घड्याळाच्या मोजक्या ठोक्यांत तो स्वीकारल्याची खूण द्यावी, असा नियम आहे. मूळच्या ३३ मेगाहर्ट्झ वेगात एक ठोका सुमारे ३० नॅनोसेकंदांचा असतो. खूण आली नाही तर वाचनाचे सर्व अंक ‘एक’ येतात, आणि तशी ओळखसंख्या कोणत्याही उत्पादकाला दिलेलीच नसल्यामुळे ती जागा रिकामी आहे हे मायक्रोसेकंदाच्या आत ठरते. प्रतीक्षा येथेही आहे. पण असलेल्या कार्डाला किती काळ गप्प राहण्याची मुभा आहे ते आधीच ठरलेले असल्याने तिची जाणीवही होत नाही.

जुन्या आयडीई हार्ड डिस्कची गोष्ट निराळी आहे, आणि अभावाच्या अभ्यासकाने येथे थोडे रेंगाळावे, इतकी ती उद्बोधक आहे. डिस्कच्या तबकड्या पूर्ण वेगाने फिरू लागायला काही सेकंद लागतात, त्यामुळे एकाच केबलवर दोन डिस्क असतील तेव्हा पहिलीने दुसरीच्या तयारीच्या खुणेची ३१ सेकंदांपर्यंत वाट पाहावी, अशी तरतूद या डिस्कसाठीच्या एटीए मानकात करावी लागली. डिस्कचे मौन हा उत्तराचा ‘प्रागभाव’, म्हणजे उत्पत्तीपूर्वीचा अभाव, असू शकतो, किंवा डिस्क मुळातच बसवलेली नसू शकते, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. त्यातही आणखी एक अडचण अशी, की केबलच्या तारा अधांतरी राहिल्या तर त्यांवरून ‘एक’ वाचला जाऊ शकतो, आणि स्थिती सांगणाऱ्या बाइटमधील सर्वांत वरच्या स्थानी ‘एक’ असण्याचा अर्थ ‘मी कामात आहे’ असा ठरलेला आहे. म्हणजे नसलेली डिस्क कामात असल्याचा भास होतो. यावर उपाय म्हणून मानकाने त्या स्थानाची तार १० किलोओहमच्या रोधाने शून्याकडे ओढून धरण्यास सांगितले आहे. या रोधामुळे अभाव जणू प्रत्यक्ष वाचता येतो, असे म्हणून नैयायिक आपली बाजू मांडू शकेल. तरीही पारडे कुमारिलांकडेच झुकते, कारण डिस्क असती तर तिने या दुबळ्या ओढीवर मात करून तार आपल्या ताब्यात घेतली असती, हे ज्ञान आधी नसेल, तर त्या शून्याला अभावाचा अर्थ येत नाही.

अभावज्ञानाला प्रतियोगीचे पूर्वज्ञान लागते, हा न्यायदर्शनाचा दुसरा सिद्धांत आजच्या लिनक्स संगणकांवर अधिकच लख्खपणे दिसतो. एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये डिस्कची कोणकोणती विभाजने जोडायची याची यादी असते. डिस्क बदलल्यावर किंवा स्वॅपचे विभाजन नव्याने तयार केल्यावर जुनी ओळखसंख्या त्या यादीत तशीच राहिली, तर सुरुवातीची कामे सांभाळणारी सिस्टिमडी ही व्यवस्था त्या नष्ट झालेल्या विभाजनाची नेहमीच्या मांडणीत ९० सेकंद वाट पाहते. यंत्राचे सर्व भाग येथे निर्दोष असतात. यादीत ते नाव नसते तर त्याचा अभावही यंत्राच्या लक्षात आला नसता. खोळंबा झाला तो प्रध्वंस पावलेल्या वस्तूच्या स्मृतीमुळे, आणि म्हणून दुरुस्तीही स्मृतीचीच करावी लागते.

म्हणूनच विलंब दिसताच प्रतीक्षेची मुदत सरसकट कमी करणे, हा अनेकांना सुचणारा उपाय ज्ञानाच्या दृष्टीने सदोष आहे. आठ सेकंदांनी तयार होणाऱ्या डिस्कला पाच सेकंदांची मुदत दिली, तर यंत्र वेगाने सुरू होईल, पण ‘डिस्क नाही’ हा त्याचा निर्णय अयोग्य अनुपलब्धीवर उभा, म्हणजे भ्रम असेल. आधी कर्नलच्या नोंदींमधील वेळा पाहून मोठी पोकळी कोठे पडली ते शोधावे, सिस्टिमडी-अॅनालाइझच्या ब्लेम व क्रिटिकल-चेन या आज्ञांनी कोण कोणासाठी खोळंबले ते तपासावे, आणि मग कारणानुसार वागावे: जे उपकरण कधीच नव्हते त्याचा कंट्रोलर बायॉसमध्ये बंद करावा, जे नष्ट झाले त्याची नोंद काढावी, जे कधी असते व कधी नसते, जसे बाहेरून जोडायची डिस्क, त्याच्या नोंदीत ‘नोफेल’ लिहून त्याचे नसणे मान्य करावे आणि मुदतही त्याच्या स्वभावाला साजेशी ठरवावी.

राहते ती मरणपंथाला लागलेली डिस्क, जी एकदा चौथ्या सेकंदाला उत्तर देते, एकदा विसाव्या, आणि एखाद्या दिवशी देतच नाही. तिच्या मौनाला कोणतीच मुदत पुरत नाही, कारण ‘असती तर एवढ्या वेळात बोलली असती’ हे विधान तिच्याबाबत करताच येत नाही. धर्मकीर्तींच्या भाषेत येथे संशयापलीकडे जाता येत नाही. अशा वेळी केबल बदलावी, डिस्क दुसऱ्या पोर्टला लावून पाहावी, आणि ती ज्या वेळी बोलेल त्याच वेळी तिच्यावरचे सारे उतरवून घ्यावे.