विटाळ कुणाचा, किती दिवसांचा

आमचे अण्णा भिक्षुकी करायचे. पहाटे फोन वाजला की आई स्वयंपाकघरातूनच विचारायची, "कोण गेलं?" पलीकडून येणारा प्रश्न ठरलेला असे. "गुरुजी, आम्हाला किती दिवसांचं?" अण्णा नातं विचारत, बातमी कधी कळली ते विचारत आणि पंचांग न उघडता सुतकाचे दिवस सांगत. दहा दिवसांच्या आत कळलं तर उरलेले दिवस. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत कळलं तर तीन रात्री. सहा महिन्यांच्या आत पक्षिणी, म्हणजे दीड दिवस. वर्ष उलटून गेलं असेल तर नुसती आंघोळ. कुणी आधार विचारलाच, तर पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यांचा 'धर्मसिंधु' कपाटात होता.

मी भिक्षुकी धरली नाही. पुण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. मनुस्मृतीत माणसाच्या शरीराचे बारा मळ सांगितले आहेत. चरबी, वीर्य, रक्त, मज्जा, मूत्र, विष्ठा, कफ, अश्रू, घाम वगैरे. त्यातले बरेचसे माझ्या टेबलावरून गेले. लोक मलाही अण्णांसारखंच विचारत. "साहेब, हे अंगात किती दिवस राहतं?" मी म्हणे, "डॉक्टरांना विचारा." अण्णांकडे निदान उत्तर असायचं.

2021 च्या जुलैत पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला झिका विषाणूचा रुग्ण सापडला, महाराष्ट्रातला पहिला. 2024 च्या पावसाळ्यात एरंडवण्यापासून सुरुवात होऊन झिका पुणे शहरात पसरला आणि बाधितांत गरोदर बायका बऱ्याच निघाल्या. डास डेंग्यूचाच. ताप बहुधा हलका, पुष्कळांना तर लक्षणच नाही. पण गरोदरपणात लागण झाली तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते, हे ब्राझीलने 2015 मध्ये जगाला दाखवून दिलं होतं. आमच्या सोसायटीत तेव्हा कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करण्याची मोहीम निघाली. ती हवीच होती. पण झिका नुसता डासाने पसरत नाही, ही गोष्ट जिन्यात उभं राहून बोलायची कुणाची तयारी नव्हती.

अमेरिकेतले शास्त्रज्ञ ब्रायन फॉय 2008 मध्ये सेनेगलहून कोलोरॅडोला घरी परतले आणि आजारी पडले. मागोमाग त्यांची बायको आजारी पडली. ती आफ्रिकेत गेलेली नव्हती. संशय शरीरसंबंधावर गेला आणि 2011 मध्ये त्यांनी तो रीतसर छापला. 2016 मध्ये साथ भरात असताना मग प्रश्न उभा राहिला की रुग्ण बरा झाल्यावर हा विषाणू रक्तात, लघवीत, थुंकीत, वीर्यात, योनिस्रावात नेमका किती दिवस राहतो. अण्णांच्या फोनवरचाच प्रश्न, फक्त या वेळी उत्तर ग्रंथात शोधायचं नव्हतं.

ते शोधलं प्वेर्तो रिको बेटावर. गॅब्रिएला पाझ-बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिका झालेल्या माणसांना सांगितलं, की पहिला महिनाभर दर आठवड्याला नमुने द्या, मग दोन, चार, सहा महिन्यांनी पुन्हा द्या, आणि अंश सापडत राहिला तर मध्येही देत राहा. हे वाचताना मला आमचं काउंटर दिसतं. मूल होत नाही म्हणून तपासणी असली की वीर्याची डबी बहुतेकदा बायकोच घेऊन यायची. डबी थंड पडू द्यायची नाही, तासाभरात पोचवायची, म्हणून तिने ती पदराखाली अंगाशी धरलेली असे. वर वर्तमानपत्राचा कागद, कागदावर रबरबँड. डबी ठेवताना ती माझ्याकडे बघत नसे, मीही लेबल लिहीत बसे. नवरा खाली स्कूटरवर. म्हणून प्वेर्तो रिकोतल्या ज्या पुरुषांनी महिनोन् महिने हे नमुने दिले, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. ती धर्मकृत्याच्या तोडीची गोष्ट आहे, कारण फळ त्यांना मिळणार नव्हतं. ते तर बरे झालेले होते.

2018 मध्ये 295 जणांचे आकडे पूर्ण छापून आले. निम्म्या लोकांच्या रक्तातून विषाणूचा अंश 15 दिवसांत दिसेनासा झाला, लघवीतून 11 दिवसांत, वीर्यातून 42 दिवसांत. शंभरातल्या पंचाण्णवांचा हिशेब धरला तर रक्त 41, लघवी 34 आणि वीर्य 120 दिवस. थुंकीत आणि योनिस्रावात तो फार थोड्यांच्याच सापडला.

हे आकडे आमच्या घराच्या शेजारी मांडून बघा. आजी उष्ट्याला सापाइतकी भ्यायची. आई महिन्यातून चार दिवस बाजूला बसायची, तिचं ताट वेगळं, पाण्याचा तांब्या वेगळा. चौघांत कुणाचा विटाळ मानायचा हे ठरलेलं होतं, आणि त्यात पुरुषाचा नंबर कधी लागला नाही. झिकाने मोजून दाखवलं की उष्ट्यात जवळपास काही नाही, बाईकडे फार थोडं आहे आणि सगळ्यांत जास्त दिवस ते पुरुषाजवळ आहे. तरीही 2016 च्या जानेवारीत एल साल्वादोरच्या सरकारने सल्ला कुणाला दिला? बायकांना. 2018 पर्यंत गरोदर राहू नका म्हणून. त्या देशात गर्भपाताला कायद्याने पूर्ण बंदी आहे, हेही लक्षात घ्या. पुढच्याच महिन्यात मेक्सिकोहून परतताना विमानात पत्रकारांनी पोप फ्रान्सिस यांना विचारलं. त्यांनी गर्भपाताला साफ नकार दिला, पण गर्भधारणा टाळणं हे सर्वस्वी पाप नाही, एवढी फट मोकळी ठेवली. धर्मपीठाकडून एवढं आलं हे थोडं नाही. मला वाटतं, फट आणखी रुंद करून पुरुषाचं नाव घ्यायला हवं होतं.

शास्त्राचे दिवस आणि प्रयोगशाळेचे दिवस यांत मला मूळ फरक दिसतो तो असा. मनूने आशौच, म्हणजे सुतक, ब्राह्मणाला दहा दिवस, क्षत्रियाला बारा, वैश्याला पंधरा आणि शूद्राला महिनाभर सांगितलं. बाप गेल्याचं दुःख तेच, दिवस जातीवर. प्वेर्तो रिकोत दिवस माणसाच्या जन्मावरून पडले नाहीत, ते द्रवावरून पडले. शिवाय तिथे आकड्याबरोबर त्याची खात्री किती, तेही लिहिलेलं आहे. पंचाण्णवांचं सांगितलं, उरलेल्या पाचांचं वचन दिलेलं नाही. अण्णांना मी हे ऐकवलं असतं तर ते म्हणाले असते, "मग लोकांना काय सांगायचं?" प्रश्न रास्त आहे. माणसाला आकडा लागतो.

इथे आणखी एक पेच आहे आणि तो तत्त्वज्ञानातला आहे. हे दिवस मोजणारं पीसीआर यंत्र विषाणूचा अंश, म्हणजे आरएनए, शोधतं, तो विषाणू जिवंत आहे की नाही हे त्याला कळत नाही. जिवंतपणा बघायचा तर नमुना पेशींवर घालून वाढ होते का ते पाहावं लागतं. दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात तसं पाहिलं, तेव्हा लागण करू शकणारा विषाणू मोजक्याच नमुन्यांत निघाला, तोही आजाराच्या पहिल्या महिन्याभरातल्या. योगशास्त्रात दग्धबीजाची कल्पना आहे. क्लेश ज्ञानाने जळाले की भाजलेल्या बियाण्यासारखे होतात, दिसतात पण उगवत नाहीत. 120 व्या दिवशी सापडलेला अंश बहुधा असाच असतो. 'बहुधा' या शब्दावर दुसऱ्याच्या बाळाला टांगायचं का, हे मात्र कुठलंच यंत्र सांगणार नाही. तिथे नीती लागते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने आधी पुरुषांना निरोध वापरायला किंवा संबंध टाळायला सहा महिने सांगितले होते. 2018 मध्ये हे पुरावे तोलून ते तीनवर आणले. म्हणजे वीर्याच्या 120 दिवसांपेक्षा कमीच. ही तडजोड मला पटते. सहा महिन्यांचं व्रत कुणी पाळत नाही, आणि न पाळलेल्या व्रताने कुणाचं बाळ वाचत नाही.

अण्णांच्या पद्धतीने सांगायचं तर हिशेब सोपा आहे. पुरुषाला झिका झाला किंवा साथीच्या भागातून आला, तर लक्षणं सुरू झाल्यापासून किंवा परतल्यापासून तीन महिने निरोध वापरा, नाहीतर संबंध टाळा. बाईला झाला तर दोन महिने. बायको गरोदर असेल तर बाळंतपण होईपर्यंत. ताप आला नसेल तरीही हे लागू आहे, आणि यातलं बहुतेक पाळायचं आहे ते नवऱ्याने.