पत्र्यावरून पडणाऱ्याचे प्राक्तन

छपरावरून माणूस पडला की जमलेल्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास येते: ‘त्याची वेळ भरली होती, निमित्त पत्र्याचे झाले.’ या वाक्याने घरच्यांना धीर मिळतो, म्हणून ते तोडून टाकण्याचे कारण नाही. पण त्याच्याआड मोडकी शिडी, ओला पत्रा आणि दोरीशिवाय वर चढवलेला माणूस, असे बरेच काही झाकले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे कुठून ना कुठून पडून दगावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. या सगळ्यांची वेळच भरली होती का? आणि भरली असली, तर शिडी धरायला कोणी नव्हते याचा जाब कोणी कोणाला द्यायचाच नाही का?

हा प्रश्न फार जुना आहे, आणि विशेष म्हणजे तो छपरावरूनच विचारला गेला आहे.

बायबलच्या जुन्या करारात ‘अनुवाद’ नावाचे पुस्तक आहे. त्याच्या २२व्या अध्यायात एक आज्ञा येते: नवे घर बांधलेस तर धाब्याला कठडा घाल, नाहीतर कोणी वरून पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. तिकडची घरे सपाट धाब्याची. लोक तिथे झोपत, धान्य वाळवत, पाहुण्यांशी बोलत बसत. म्हणजे आज्ञा रोजच्या वापरातल्या जागेबद्दल होती. पण यहुदी धर्मपंडितांना तिच्यात एक पेच दिसला. कठडा नसलेल्या धाब्यावरून जो पडणार, त्याला ही आज्ञा पडण्याच्या आधीच ‘पडणारा’ म्हणते. मग त्याचे पडणे ठरलेलेच होते की काय? बाबिलोनी तालमूदच्या ‘शब्बाथ’ या भागात रब्बी इश्माएल यांच्या परंपरेतले उत्तर नोंदलेले आहे. त्याचा आशय असा: सृष्टीच्या पहिल्या सहा दिवसांपासून त्याचे पडणे ठरलेले असेलही. पण चांगली गोष्ट चांगल्याच्या हातून घडते आणि वाईट गोष्ट दोषी माणसाच्या हातून. ते पडणे तुझ्या घरावरून का व्हावे?

दैव नाकारायचे नाही आणि दैवावर ढकलायचेही नाही, अशी ही भूमिका आहे. पडणाऱ्याच्या नशिबाचा हिशेब घरमालकाकडे नाहीच. त्याच्याकडे हिशेब आहे तो कठड्याचा.

बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहणारे धर्मशास्त्री आणि वैद्य मायमोनिडीस यांनी या आज्ञेला मोजमाप दिले. कठडा दहा मुठी उंच हवा, म्हणजे साधारण ऐंशी सेंटिमीटर, आणि इतका मजबूत हवा की माणूस रेलला तरी कोसळू नये. त्यांनी ही आज्ञा धाब्यापुरती ठेवली नाही. अंगणातल्या विहिरीला काठ बांधणे किंवा झाकण घालणे, जिवाला धोका असलेली प्रत्येक गोष्ट घरातून दूर करणे, हे सारे तिच्यात आणले. त्यांच्या कितीतरी आधी रब्बी नाथान यांनी याच आज्ञेच्या आधाराने सांगितले होते की घरात चावरा कुत्रा पाळू नये आणि डुगडुगणारी शिडी ठेवू नये. शिडीचा हा उल्लेख लक्षात ठेवण्याजोगा आहे. ती कोणी वापरली, कशासाठी वापरली, हा पुढचा प्रश्न झाला. ती घरात आहे, एवढ्यानेच दोष लागतो.

हा विचार मराठी माणसाला दूरचा वाटायला नको. अलिबाग, रेवदंडा, नवगाव, पेण, पनवेल या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’, म्हणजे बेने इस्राएल हे यहुदी, ही आज्ञा ज्यात आहे तीच तोरा (यहुदी धर्मग्रंथ) मानत आले. अलिबागेत त्यांची इस्राएल आळी आणि तिथले सिनेगॉग अजून आहे. त्यांच्या शेजारची छपरे मात्र सपाट नव्हती. या किनाऱ्यावरच्या पावसाला उतरते छप्परच लागते, आणि उतरत्या छपराला कठडा नसतो. वर कोणी वावरत नाही म्हणून कठड्याचा नियम तिथे लागत नाही, असे धर्मशास्त्रही मानते. पण वर्षातून एकदा कोणीतरी वर चढतोच.

पूर्वी तो शाकारणीला चढायचा. रोहिणी नक्षत्र लागले की कौले उतरवायची, रिपा पाहायच्या, फुटके कौल बदलायचे. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि त्यानंतर मंगलोरी कौल कोकणभर पसरले. आता माकडांच्या उच्छादाला कंटाळून घरामागून घर पत्र्यावर गेले आहे. नळीदार पत्र्याचे पेटंट १८२९ मध्ये लंडनच्या हेन्री पामर यांनी घेतले. लोखंडावर जस्ताचा थर देण्याचे पेटंट १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेल यांनी. जस्ताचे काम विलक्षण आहे. पत्र्याला ओरखडा पडला तरी आजूबाजूचे जस्त आधी झिजते आणि उघडे पडलेले लोखंड काही काळ वाचते. पण जस्त संपते, आणि खाऱ्या वाऱ्यात लवकर संपते. म्हणून पत्र्याची निगा राखावी लागते, आणि निगा म्हटली की वर चढणे आले.

इथे गीतेच्या अठराव्या अध्यायातली एक मांडणी फार उपयोगी पडते. कोणतेही कर्म घडायला पाच कारणे लागतात असे तिथे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, करण, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. भाष्यकारांनी अधिष्ठान म्हणजे देह आणि करण म्हणजे इंद्रिये असा अर्थ घेतला आहे, तो त्यांच्या जागी योग्यच आहे. पण ही पाच कारणे छपरावरच्या कामाला लावून पाहिली तर दैवाचा क्रमांक शेवटचा का, हे चटकन कळते.

अधिष्ठान म्हणजे पत्रा आणि त्याखालचा सांगाडा. घरगुती पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. माणसाचे वजन पेलतात ते खालचे आडवे पाइप किंवा वासे, पत्रा नव्हे. स्क्रूंची रांग जिथे दिसते तिथे खाली आधार आहे, पाय तिथेच टाकायचा. सर्वांत घातकी जागा म्हणजे उजेडासाठी मध्येच बसवलेला फायबरचा पारदर्शक पत्रा. उन्हाने तो ठिसूळ होतो, धुळीने आणि शेवाळाने शेजारच्या पत्र्यासारखाच दिसू लागतो, आणि पाय पडताच फुटतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्याचेही तेच. चढण्याआधी घरात उभे राहून वर पाहावे आणि उजेड कुठून येतो ते वर जाणाऱ्याला बोटाने दाखवावे.

जवळून पाहिले तर पत्रा कुठे मरतो तेही दिसते. आंब्याची पाने दोन पत्र्यांच्या जोडात अडकतात, खाली कुजून काळा चिखल होतो, आणि तो बोटाने सरकवला की खाली नारिंगी वर्तुळ निघते. त्याच्या बाजूच्या स्क्रूचा रबरी वायसर उन्हाने तडकून फाकलेला असतो. गळती सहसा पत्र्यातून सुरू होत नाही, या वायसरमधून होते. वळचणीखालच्या भागाला पाऊस धूत नाही, म्हणून समुद्राकाठी मीठ तिथेच साचते आणि गंज तिथूनच चढतो. तो भाग जमिनीवरून गोड्या पाण्याच्या नळीने धुता येतो. खरे तर निम्मे काम, म्हणजे लांब दांड्याचा मऊ ब्रश, नळी आणि शिडीवरून पन्हळ मोकळी करणे, एवढे पत्र्यावर पाय न ठेवताच होते. न चढणे ही पहिली सुरक्षितता.

करण म्हणजे साधने. शिडी चार फूट उंचीला एक फूट बाहेर ओढलेली असावी, वरचे टोक वळचणीच्या तीन फूट वर निघालेले आणि बांधलेले असावे. दोरी छपराच्या पलीकडच्या बाजूच्या मजबूत झाडाला किंवा सांगाड्याच्या मुख्य भागाला बांधलेली आणि अंगात पट्टा घालून त्याला अडकवलेली हवी. कमरेला नुसती गाठ मारलेली दोरी पडताना बरगड्या मोडते. पायांत रबरी तळव्याचे बूट हवेत, चपला नव्हेत. घरावरून वीज गेली असेल तर ओला दांडा तिच्या जवळपासही जाता कामा नये.

चेष्टांबद्दल थोडक्यात. तारेचा ब्रश आणि संडास धुण्याचे ॲसिड हे दोन्ही गंजासकट जस्तही खरवडून नेतात. साधे साबणपाणी पुरते, ते वरून खाली, म्हणजे जोडांत पाणी शिरत नाही. छिद्र पाडल्यावर उडालेला लोखंडाचा कीस त्याच दिवशी झाडून काढावा, नाहीतर पहिल्या सरीत प्रत्येक कणाचा गंजाचा ठिपका होतो. तांब्याची तार पत्र्यावर टेकू देऊ नये.

कर्ता म्हणजे वर चढणारा. त्याचे वय, रक्तदाबाची गोळी, उपास, रात्रीचे जागरण, भर दुपारी तापलेला पत्रा, एकट्याने केलेले काम: पडण्याची कितीतरी कारणे छपराला पाय लागण्याआधीच शरीरात असतात.

एवढे सगळे पाहून झाल्यावर उरते ते दैव. आढ्याखालून अचानक उठलेल्या गांधीलमाश्या, कल्पना नसताना आलेला वाऱ्याचा झोत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले तेव्हा नीट बसवलेले पत्रेही उडाले. तिथे दैव म्हणणे योग्यच. महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्मांना विचारतो की दैव थोर की पुरुषकार, आणि भीष्म सांगतात की पुरुषकार हे शेत आहे, दैव हे बी. शेत न नांगरता पेरलेले बी वाया जाते. दैवाला तिथे जागा आहे, पण शेताच्या आतच.

आता उरतो तो कर्ता आणि घरमालक यांच्यातला प्रश्न, आणि तोच सर्वांत अवघड आहे. बहुतेक घरांत मालक स्वतः चढत नाही, रोजाने गडी लावतो. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये झालेल्या कायद्याने स्वतःच्या राहत्या घरावर १० लाख रुपयांपर्यंतचे काम करून घेणाऱ्या व्यक्तीला आपल्या कक्षेबाहेर ठेवले. म्हणजे पत्रा धुण्यासारख्या कामात मालकावर कायद्याचे दडपण जवळपास नव्हतेच. उरली फक्त जुन्या आज्ञेची जबाबदारी, आणि ती पाहणारा निरीक्षक येत नाही.

गडी पुष्कळदा स्वतःच दोरी नाकारतो. ‘मला काही होत नाही, आयुष्य गेले छपरावर.’ मग मालकाची सुटका होते का? अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात कठडा नसलेल्या छपरावर झोपणाऱ्याबद्दल एक वचन आहे: अशा माणसाच्या रक्षणाची हमी उठते. म्हणजे स्वतःच्या जिवाची राखण ज्याची त्यालाही करायची आहे. मायमोनिडीस त्याहून कडक. मी माझा जीव धोक्यात घातला तर दुसऱ्यांचे काय गेले, असे म्हणणाऱ्यालाही त्यांनी शिक्षापात्र ठरवले. दोन्हीकडे गड्याचा दोष मान्य आहे. तरी त्याच्या दोषाने मालकाचा दोष फिटत नाही, कारण गड्याचा नकार मोकळ्या मनाचा नसतो. दोरी बांधायला अर्धा तास जातो, आणि काम अंगावर घेतलेले असले की तो अर्धा तास त्याचा असतो.

तालमूदच्याच ‘बाबा मेत्सिया’ या भागात मजुरी त्याच दिवशी देण्याच्या आज्ञेवर बोलताना पंडित विचारतात: हा माणूस उंचावर चढला, झाडाला लोंबकळला, जीव पणाला लावला, तो कशासाठी? मजुरीसाठीच ना? मजुरी आणि पडणे यांचा इतका सरळ संबंध त्यांनी ओळखला होता. मेच्या शेवटी रात्री वळवाची सर येऊन जाते आणि सकाळी पत्रा ओला असतो. त्या दिवशीचा रोज गड्याचा बुडणार असेल, तर तो ओल्या पत्र्यावर चढेल, मालक नको म्हणाला तरी चढेल. म्हणून काम ठरवतानाच बोलून ठेवावे लागते: काम अंगावर नाही, रोजाने. पत्रा ओला निघाला तर काम उद्यावर, पण आलेल्या दोघांचा रोज चालू. त्यातला दुसरा गडी शिडीपाशी उभा राहण्यासाठीच आहे, आणि त्यालाही रोज पुरा.