तरुणांस ‘पाहूं’ म्हणणें



मंडळीच्या पंचांची सभा आटोपत आलेली असते. इतक्यांत मागून एखादा तरुण उठून म्हणतो, “आपलें प्रार्थनामंदिर आठवड्याचे सहा दिवस कुलूपबंद असतें. दहावीच्या मुलांस घरीं शांत जागा नाहीं. संध्याकाळीं दोन तास तें अभ्यासासाठीं उघडावें.” वडील माणसें एकमेकांकडे पाहतात आणि त्यांपैकीं एकजण गोड स्वरानें म्हणतो, “पाहूं.” पुढें तें कोणीच पाहत नाहीं. हा लहानसा शब्द नीतीच्या कसोटीस उतरतो काय, याचा आज विचार करूं.

पनवेलकडील वाचकांस हा प्रश्न अधिकच जवळचा वाटेल. तेथील नगरपालिका १८५२ सालची. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं तिची महानगरपालिका झाली आणि भोंवतालचीं २९ गांवें तींत आलीं. त्या गांवांच्या ग्रामपंचायती संपल्या व त्यांबरोबर ग्रामसभाही संपल्या. घटनेच्या ६१ व्या दुरुस्तीनें १९८९ सालीं मतदाराचें वय २१ वरून १८ वर आलें. म्हणून अठरा वर्षांच्या मुलामुलीसही ग्रामसभेंत उभें राहून सरपंचास प्रश्न विचारतां येतो. तालुक्यांतील ज्या गांवांत पंचायत आहे तेथें हा हक्क अजून आहे. जीं गांवें शहरांत गेलीं तेथें मत राहिलें, परंतु चार गांवकऱ्यांसमोर बोलण्याची ती जागा गेली. अशा वेळीं तरुणानें आपला विचार कोणापुढें मांडावा? निदान आपल्या मंडळींत तरी त्यास जागा नको काय?

कोणी म्हणेल, “रहबाम राजानें वडिलांचा सल्ला टाकून तरुणांचें ऐकिलें, आणि राज्य दुभंगलें!” गोष्ट खरी आहे. परंतु ती नीट वाचावी. लोक आपलें ओझें हलकें करावें म्हणून विनवीत होते, आणि राजाबरोबर वाढलेल्या त्या तरुणांनीं तें वाढविण्यास सांगितलें. दोष त्यांच्या वयाचा नव्हता. तें ओझें त्यांच्या खांद्यावर कधीं आलेंच नव्हतें. याउलट नामानाच्या घरची ती लहान दासी पाहा. परमुलखांत धरून आणलेली, नांवही न कळलेली मुलगी. पण तिच्या शब्दावरून सेनापतीला बरें होण्याची वाट सांपडली. तेव्हां बोलणाऱ्याचें वय न पाहतां, ज्या दुःखाविषयीं तो बोलतो तें त्यानें जवळून पाहिलें आहे काय, हें पाहावें. अभ्यासाला जागा मागणारा तो तरुण स्वतः एकाच खोलींत, भावंडांच्या गलबल्यांत शिकलेला असतो.

ऐकणें म्हणजे मान्य करणें नव्हे. दिव्याचें बिल कोण भरील, किल्ली कोणाजवळ राहील, इतर धर्मांचीं मुलें आलीं तर त्यांसही बसूं द्यावें काय, हे प्रश्न योग्यच आहेत. ते त्या तरुणास उघड विचारावेत. “नाहीं, कारण बिलास पैसे नाहींत,” असें म्हटलें तर तो पैसे जमविण्याची वाट शोधील. ‘पाहूं’ या शब्दास मात्र उत्तर देतां येत नाहीं. आपलें होय व नाहीं हीं सरळ असावींत, असें प्रभूनें डोंगरावरील प्रवचनांत शिकविलें. मनांत नकार ठेवून मुखानें आशा दाखविणें हें सौजन्य नव्हे. तें असत्य आहे. त्याचें फळ असें कीं, तो तरुण भांडत नाहीं, केवळ येईनासा होतो.

वृद्ध एलीनें बाळ शमुवेलास दोनदां परत निजावयास पाठविलें. तिसऱ्या खेपेस त्यास उमजलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें मुलास कांहीं न लपवितां सर्व सांगावयास लाविलें, आणि निरोप स्वतःच्या घराण्याविरुद्ध असतांही तो निमूटपणें ऐकून घेतला. याचें नांव ऐकणें.

तरुणांनींही विसरूं नये कीं, जो सूचना करितो त्यानें झाडू हातीं घेण्यास व वडिलांचा अनुभव ऐकण्यास तयार असावें. आणि पंचांनीं येत्या सभेंत एवढें करावें: तरुणाची सूचना वहींत लिहावी, तिच्यापुढें उत्तराची तारीख घालावी, आणि त्या दिवशीं होय किंवा नाहीं तें कारणासह सांगावें. हें करण्यास पैसा लागत नाहीं. लागते ती नम्रता, आणि ती प्रभूजवळ मागितल्यास मिळते.